लक्ष्मणराव किर्लोस्कर

हा लेख उद्योजक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्याविषयी आहे. संगीत नाटककार बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्यासाठी स्वतंत्र लेख पाहा.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रनिर्माते आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. औंध संस्थानाच्या आश्रयाने त्यांनी इ.स. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना व वसाहत उभारली. ती पुढे किर्लोस्करवाडी या नावाने प्रसिद्ध झाली. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र आणि पाणी उपसण्याचे पंप ही त्यांच्या कारखान्याची प्रमुख उत्पादने होती. विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेऐवजी यंत्राने उपसण्याची पद्धत सातारा, सांगली आणि आसपासच्या भागांत रुजवण्यात किर्लोस्करवाडीच्या पंपांचा मोठा वाटा होता. यंत्र विकण्याइतकेच ते चालू राहण्यालाही महत्त्व देणारी त्यांची कार्यपद्धती ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या इतिहासात दखलपात्र ठरते.

== जन्म व शिक्षण ==

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. शालेय पुस्तकांपेक्षा चित्रकला आणि यंत्रे यांकडे लक्ष्मणरावांचा ओढा लहानपणापासूनच अधिक होता. वडिलांना ही दिशा फारशी रुचली नाही, परंतु थोरले बंधू रामचंद्र तथा रामुअण्णा यांनी त्यांना पाठबळ दिले. त्यांच्याच आधारावर लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि सर जमशेदजी जीजीभॉय कलाशाळेत दाखल झाले.

तेथे शिकत असताना त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. काही रंगांमधील भेद ओळखता येत नसल्यामुळे चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. रंगांची गरज नसलेल्या यांत्रिक रेखाटनाकडे ते वळले आणि त्यात त्यांनी प्रावीण्य मिळवले. या शिक्षणाच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. फावल्या वेळात ते संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन यंत्रे जोडणे, उघडणे आणि दुरुस्त करणे शिकत. अभियांत्रिकीची पदवी नसतानाही पुढील आयुष्यात त्यांना जो आत्मविश्वास लाभला, त्याचा पाया या कर्मशाळेत घातला गेला.

इ.स. १८९७ च्या सुमारास बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची नेमणूक झाली. तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

== बेळगावातील व्यवसाय ==

नोकरीत असतानाच लक्ष्मणराव व रामुअण्णा यांनी इ.स. १८८८ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने बेळगावात सायकलींची विक्री सुरू केली होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामुअण्णा त्या विकत. सायकल हे त्या काळी नवलाचे वाहन होते. ती विकत घेणाऱ्याला चालवायला शिकवणे आणि बिघडल्यास दुरुस्त करून देणे ही कामेही दुकानालाच करावी लागत. यंत्र एकदा विकले की विक्रेत्याचे काम संपत नाही, हा धडा त्यांना पहिल्याच व्यवसायात मिळाला.

बेळगावला परतल्यावर लक्ष्मणरावांनी लहान कर्मशाळा उभारून कडबा कापण्याचे यंत्र तयार करण्यास सुरुवात केली. कडबा अखंड टाकल्यास जनावरे त्याचा बराच भाग वाया घालवतात. तुकडे करून दिल्यास तोच चारा अधिक दिवस पुरतो. दुष्काळाचा अनुभव ताजा असलेल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने या यंत्राची उपयुक्तता स्पष्ट होती.

=== लोखंडी नांगर ===

इ.स. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. परदेशी बनावटीचे असे नांगर तेव्हा भारतात येत असत. परंतु त्यांची किंमत, त्यांचे वजन आणि सुट्या भागांची अनुपलब्धता यांमुळे ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होते. देशी बनावटीच्या नांगरालाही प्रारंभी गिऱ्हाईक मिळाले नाही. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, अशी समजूत त्या वेळी प्रचलित होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

शेतकऱ्याच्या संकोचामागे अंधश्रद्धेखेरीज एक व्यावहारिक कारणही होते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो सांधून देई आणि फाळ झिजला तर लोहार तो शेवटून देई. या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने धान्यात दिला जात असे. ओतीव लोखंडाचा नांगर मोडल्यास मात्र तो गावच्या भात्यावर सांधता येत नव्हता. ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर अडून पडला तर वर्ष हातचे जाण्याचा धोका होता. त्यामुळे झिजणारा फाळ वेगळा काढता येणे, तो स्वस्तात मिळणे आणि शेतकऱ्याला स्वतः बसवता येणे या गोष्टी लोखंडी नांगराच्या प्रसारासाठी निर्णायक ठरल्या. किर्लोस्करांचा नांगर पुढे महाराष्ट्रभर पोहोचला. काळ्या जमिनीतील हरळीसारखे चिवट तण काढण्यासाठी खोल नांगरट करणाऱ्या या अवजाराची मागणी वाढत गेली.

== किर्लोस्करवाडीची स्थापना ==

इ.स. १९१० च्या सुमारास नगरपालिकेच्या विस्तार योजनेमुळे लक्ष्मणरावांना बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली. याच काळात औंध येथील एका बांधकामाच्या निमित्ताने त्यांचा तेथील संस्थानिक भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी संबंध आला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार व कलासंग्राहक होते आणि देशी उद्योगांविषयी त्यांना आस्था होती. लक्ष्मणरावांची अडचण कळताच त्यांनी संस्थानात कारखाना काढण्यासाठी जमीन आणि कर्ज देऊ केले.

औंध हे गाव आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे. संस्थानाचा मुलूख मात्र सलग नव्हता. आटपाडी आणि कुंडल हे त्याचे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात मोडतात. पुणे–मिरज लोहमार्गावरील कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जमीन लक्ष्मणरावांनी निवडली. कच्चा माल आणण्यासाठी व तयार माल पाठवण्यासाठी रेल्वेची सोय होती. याखेरीज तेथे अनुकूल असे फारसे काही नव्हते. जमीन माळरानाची होती, तिच्यावर निवडुंगाचे रान माजले होते आणि सापांचा सुळसुळाट होता. इ.स. १९१० मध्ये किर्लोस्कर बंधूंनी कुटुंबीय आणि मोजक्या सहकाऱ्यांसह तेथे मुक्काम हलवला. सुरुवातीच्या काळात कुटुंबे व कामगार तात्पुरत्या निवाऱ्यात राहत आणि निवडुंग तोडण्यापासून यंत्रे बसवण्यापर्यंत सर्व कामे एकत्र करीत. पुढे रेल्वे स्थानकासही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

या उभारणीत रामुअण्णांखेरीज शंभुराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे आणि अनंतराव फळणीकर हे सहकारी महत्त्वाचे होते. जांभेकर यंत्रांचे जाणकार होते, रेगे हिशेब पाहत, कुलकर्णी व्यवस्थापनाची अनेक कामे सांभाळीत आणि फळणीकरांनी नांगरांच्या रचनेत सुधारणा केल्या. यांपैकी काहींचे औपचारिक शिक्षण अल्प होते. प्रमाणपत्रापेक्षा हातातील कौशल्य पाहून माणूस निवडणे, हे लक्ष्मणरावांच्या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य होते.

=== वसाहतीची व्यवस्था ===

ब्रिटन व अमेरिकेतील काही कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या औद्योगिक वसाहतींविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. त्याच धर्तीवर कारखान्याभोवती नियोजित गाव वसवावे, असा त्यांचा विचार होता. वसाहतीच्या उभारणीची व दैनंदिन कारभाराची जबाबदारी रामुअण्णांकडे होती. घरे, रस्ते, पाण्याची सोय, शाळा, दवाखाना आणि टपाल कचेरी यांची टप्प्याटप्प्याने व्यवस्था होत गेली.

त्या काळातील बहुतेक खेड्यांच्या तुलनेत या वसाहतीत एक मूलभूत फरक होता. खेड्यात सार्वजनिक विहीर, आड किंवा पाणवठा बांधण्यासाठी एखादा दाता पुढे येई, परंतु गाळ काढणे, कठडा दुरुस्त करणे, सांडपाण्याला वाट करून देणे ही कामे कोणा एकाची नसत. सफाईचे काम तर जातीच्या आधारावर विशिष्ट समाजांवर लादलेले होते. किर्लोस्करवाडीत मात्र वसाहतीच्या देखभालीची जबाबदारी निश्चित व्यक्तीकडे होती आणि तिचा खर्च कारखान्याच्या उत्पन्नातून भागत असे.

वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांनी मनाई केली होती. सार्वजनिक पाणवठे दलितांना बंद असण्याच्या त्या काळात या नियमाचे महत्त्व विशेष होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह किर्लोस्करवाडीच्या स्थापनेनंतर सतरा वर्षांनी, म्हणजे इ.स. १९२७ मध्ये झाला. तुरुंगवास भोगून आलेल्या व्यक्तींना रखवालदारीसारखे विश्वासाचे काम देण्याचा प्रयोगही लक्ष्मणरावांनी केला.

== पहिले महायुद्ध आणि कंपनीची स्थापना ==

पहिल्या महायुद्धाच्या काळात (इ.स. १९१४–१९१८) परदेशी नांगरांची आयात रोडावली आणि किर्लोस्करांच्या मालाला मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड, कोळसा व रंग यांची टंचाई निर्माण झाली. दगडी कोळसा मिळेनासा झाल्यावर भट्टीसाठी लोणारी कोळसा वापरून ओतकाम चालू ठेवण्यात आले. युद्धानंतर व्यवसायाचा विस्तार करण्यासाठी भागीदारीच्या संस्थेचे रूपांतर इ.स. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीत झाले. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि हाताने चालवायचे पंप अशी उत्पादने कारखान्यात होऊ लागली.

== पाणी उपसण्याची यंत्रे ==

=== मोट आणि तिची देखभाल ===

सातारा व सांगली परिसराच्या पश्चिमेला सह्याद्रीलगत भरपूर पाऊस पडतो. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत हा पट्टा मात्र पर्जन्यछायेत येतो. या भागात पिण्याचे व बागायतीचे पाणी मुख्यतः विहिरींतून मिळे. विहिरीवर चामड्याची मोट असे. नाड्याला बांधलेली मोट चाकावरून विहिरीत सोडली जाई, बैल धावेवरून खाली उतरले की ती भरून वर येई, थारोळ्यात रिकामी होई आणि तेथून पाणी पाटाने वाफ्यांत जाई. उन्हाळ्यात विहीर खोल गेली की प्रत्येक खेप लांबे आणि बैल थकत. बैलजोडी नसलेल्या कुटुंबाला विहीर असूनही पाणी उपसता येत नसे.

मोटेचा एक मोठा गुण होता. तिचा प्रत्येक भाग गावातच तयार होई आणि गावातच दुरुस्त होई. चामड्याचे काम चर्मकार समाजातील कारागीर करीत, नाडा मांग समाजातील कारागीर वळत, चाक व लाकूडकाम सुतार करी आणि लोखंडी कडी लोहार घडवी. मोट फाटली तर थोड्या अवधीत ती पुन्हा चालू होई. परंतु ही व्यवस्था जातिबद्ध श्रमांवर आणि अत्यल्प मोबदल्यावर उभी होती. तिच्या जागी येणाऱ्या यंत्राला मोटेपेक्षा अधिक पाणी उपसणे पुरेसे नव्हते. ते बंद पडल्यावर दुरुस्त कोण करणार, याचे उत्तरही हवे होते.

=== सेंट्रिफ्युगल पंप ===

किर्लोस्करवाडीत इ.स. १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंपांचे उत्पादन सुरू झाले. भारतात तयार झालेल्या अशा पंपांपैकी ते अगदी सुरुवातीचे होते. याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. स्वशिक्षित पिढीच्या अनुभवाला त्यामुळे शास्त्रीय प्रशिक्षणाची जोड मिळाली.

या पंपात बंद कवचात पंखा वेगाने फिरतो. पंख्याच्या मध्यभागी आलेले पाणी कडेला फेकले जाते आणि त्याच्या दाबाने नळातून वर चढते. मध्यभागी कमी झालेल्या दाबामुळे विहिरीतील पाणी चोषण नळातून वर येते. वातावरणाच्या दाबाने पाणी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १० मीटरपर्यंतच चढू शकते आणि प्रत्यक्षात ही मर्यादा ६ ते ७ मीटर इतकीच असते. त्यामुळे खोल विहिरींत पंप काठावर न ठेवता आत, पाण्याच्या पातळीजवळच्या कट्ट्यावर बसवावा लागे. पंप सुरू करण्यापूर्वी त्यात व चोषण नळात पाणी भरावे लागते. तळाचा फूट व्हॉल्व्ह गळू लागला किंवा नळाच्या सांध्यातून हवा शिरली, तर पंप फिरतो परंतु पाणी उचलत नाही.

पंप बंद पडण्याची बहुतेक कारणे अशीच लहान असतात. फूट व्हॉल्व्हची झडप, वॉशर, दांड्याभोवतीचे पॅकिंग, बेअरिंग आणि पट्टा हे भाग वापराने झिजतात. त्यांची किंमत संपूर्ण यंत्राच्या मानाने किरकोळ असते. तो एक भाग वेळेवर मिळाला नाही तर संपूर्ण यंत्र निरुपयोगी ठरते आणि उभे पीक वाळते. परदेशी पंपाच्या बाबतीत असा भाग मागवण्यास दीर्घ काळ लागे. पंप देशात, आणि तोही शेतकऱ्याच्याच मुलखात तयार होऊ लागल्याने हा काळ कमी झाला. एका नमुन्याच्या सर्व पंपांना एकाच मापाचे भाग बसत असल्याने सुटे भाग साठवणे विक्रेत्यांना शक्य झाले. कारखान्यात काम शिकलेले कारागीर आणि तालुक्याच्या गावी पंप जोडणारे व दुरुस्त करणारे फिटर यांचा एक नवा वर्ग या भागात तयार झाला. बलुतेदारीच्या जागी रोख मजुरीवर चालणारी आणि जातीने न बांधलेली अशी ही दुरुस्तीची व्यवस्था होती.

पंप चालवण्यासाठी लागणारी शक्ती हा दुसरा प्रश्न होता. खेड्यांत वीज पोहोचलेली नव्हती. त्यामुळे पंपाबरोबर तेलावर चालणारे इंजिन आवश्यक होते. इ.स. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्यांची स्थापना झाली. पंप, इंजिन आणि विजेची मोटर हे तिन्ही घटक त्यामुळे एकाच उद्योगसमूहात तयार होऊ लागले.

== ग्राहकांशी संवाद : किर्लोस्कर खबर ==

कारखाना आणि दूरवर विखुरलेले ग्राहक यांच्यात संपर्क राहावा, या हेतूने इ.स. १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू झाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव तथा शंकरराव किर्लोस्कर हे त्याचे संपादक होते. प्रारंभी त्यात कारखान्याच्या उत्पादनांविषयी माहिती असे. हळूहळू त्याचे स्वरूप व्यापक होत गेले आणि किर्लोस्कर या नावाने ते मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. इ.स. १९३० मध्ये स्त्री आणि इ.स. १९३४ मध्ये मनोहर ही मासिकेही याच संस्थेतून निघाली. मराठी वाङ्मयीन व सामाजिक इतिहासात या मासिकांना स्वतंत्र स्थान आहे. त्यांचा उगम मात्र यंत्र घेणाऱ्या शेतकऱ्याशी बोलत राहण्याच्या गरजेतून झाला होता.

== उत्तरकाल व मृत्यू ==

इ.स. १९३० च्या आसपासच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि अवजारांची विक्री घटली. या काळात कारखान्याने लोखंडी फर्निचरसारखी वेगळी उत्पादने हाती घेतली. लेथसारख्या यंत्रांच्या निर्मितीकडेही उद्योगसमूह वळला. इ.स. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे त्यासाठी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली. कारभाराची सूत्रे क्रमाने शंतनुराव व पुढील पिढीकडे गेली.

महात्मा गांधींच्या हत्येनंतर इ.स. १९४८ च्या आरंभी पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीवर हल्ला झाला आणि जाळपोळीत कारखान्याचे मोठे नुकसान झाले. चार दशकांच्या श्रमांतून उभे राहिलेले काम डोळ्यांदेखत जळण्याचा हा प्रसंग लक्ष्मणरावांच्या वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी आला. त्यानंतर कारखाना पुन्हा उभा करण्यात आला. त्याच वर्षी औंध संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. कुंडल व किर्लोस्करवाडीचा परिसर इ.स. १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि इ.स. १९६० मध्ये या जिल्ह्याचे नाव सांगली असे झाले.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने इ.स. १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

== मूल्यमापन ==

परकीय सत्तेच्या काळात, मोठ्या शहरापासून दूर आणि अल्प भांडवलावर यंत्रोद्योग उभा करणारे उद्योजक म्हणून लक्ष्मणरावांचा गौरव केला जातो. या यशात औंध संस्थानाने दिलेल्या आश्रयाचा वाटा मोठा होता. संस्थानी राजवटीतील जमीन, कर्ज आणि संरक्षण यांशिवाय बेळगावातून उठलेला कारखाना इतक्या लवकर सावरला नसता.

पंपाच्या प्रसाराचे सर्व परिणाम इष्ट ठरले नाहीत. मोटेने पाणी उपसण्याला बैलांच्या शक्तीची नैसर्गिक मर्यादा होती. यंत्राने ती मर्यादा दूर केली. कृष्णाकाठी उसाचे क्षेत्र वाढले, काही जमिनी अतिरिक्त पाण्याने क्षारपड झाल्या, तर पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात विहिरी अधिक खोल खणाव्या लागल्या. पंप घेण्याची ऐपत असलेल्या शेतकऱ्याला एकाच भूजलातून अधिक पाणी मिळू लागले आणि शेजारच्या विहिरी लवकर आटू लागल्या. मोट व नाडे तयार करणाऱ्या कारागिरांचे पारंपरिक उत्पन्नही बुडाले. यंत्र चालू ठेवण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, परंतु त्या यंत्राला पुरेल इतके पाणी जमिनीत राखण्याचा प्रश्न पुढील पिढ्यांपुढे उभा राहिला.

== वारसा ==

ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात देखभालीचा प्रश्न लक्ष्मणरावांच्या मृत्यूनंतर अधिक ठळकपणे पुढे आला. विंधन विहिरींवर बसवलेले सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी योजलेल्या नमुन्यांवर आधारलेले होते. संपूर्ण गावाचा दिवसभराचा वापर त्यांना सोसला नाही आणि ते वारंवार बंद पडू लागले. जालना व सोलापूर येथील मिशन संस्थांशी संबंधित तंत्रज्ञांनी अधिक मजबूत हातपंप तयार केले. सोलापूरच्या पंपाच्या आधारे इ.स. १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क टू हा हातपंप विकसित झाला. तो पुढे आफ्रिकेतील अनेक देशांतही वापरला गेला. त्याचा खोलवरचा वॉशर बदलण्यासाठी सर्व नळ वर काढावे लागत. त्यानंतरच्या इंडिया मार्क थ्री या नमुन्यात नळ न काढता दट्ट्या वर घेण्याची सोय करण्यात आली. गावातील व्यक्तीलाच दुरुस्ती करता यावी, हे या बदलामागील सूत्र होते.

संयुक्त राष्ट्रसंघाने इ.स. १९८१ ते १९९० हे दशक आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक म्हणून पाळले. विकसनशील देशांत उभारलेल्या अनेक योजना सुटे भाग, प्रशिक्षित माणसे आणि देखभालीचा निधी यांच्या अभावी बंद पडतात, हा या दशकातील महत्त्वाचा अनुभव होता. भारतात इ.स. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पेयजल आणि स्वच्छता यांच्याबरोबरच सामूहिक मालमत्तेची देखभाल हाही पंचायतींचा स्वतंत्र विषय ठरवण्यात आला.

सातारा व सांगली जिल्ह्यांत आज टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांद्वारे कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते. वीजबिलाच्या थकबाकीमुळे या योजनांचे पंप बंद राहण्याचे प्रसंग येऊन गेले आहेत. पंप सुस्थितीत असूनही चालवण्याचा खर्च कोणी आणि कसा उचलावा हे ठरले नसल्यास पाणी पोहोचत नाही, हे या प्रसंगांतून दिसून आले. किर्लोस्करवाडीच्या वसाहतीत देखभाल करणारी व्यक्ती आणि खर्चाचा स्रोत या दोन्ही गोष्टी निश्चित होत्या. विखुरलेल्या व अनेक गावांत विभागलेल्या योजनांमध्ये ती निश्चिती साधणे अधिक अवघड ठरले आहे.

किर्लोस्करवाडी येथील कारखान्यात पंपांचे उत्पादन आजही चालू आहे.

== कालपट ==

* १८६९ – गुर्लहोसूर येथे जन्म
* १८८८ – बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात
* १९०३ (सुमारे) – लोखंडी नांगराची निर्मिती
* १९१० – कुंडल रोड येथे कारखान्याचे स्थलांतर, किर्लोस्करवाडीची स्थापना
* १९२० – किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनीची स्थापना. किर्लोस्कर खबरचा प्रारंभ
* १९२६ (सुमारे) – सेंट्रिफ्युगल पंपांचे उत्पादन
* १९४६ – पुणे व बंगळूर येथे इंजिन व मोटर निर्मितीच्या कंपन्या
* १९४८ – दंगलीत कारखान्याचे नुकसान व पुनर्उभारणी
* १९५६ – निधन

== हेही पाहा ==

* किर्लोस्करवाडी
* औंध संस्थान
* भवानराव पंतप्रतिनिधी
* शंतनुराव किर्लोस्कर
* शंकरराव किर्लोस्कर
* मोट
* टेंभू उपसा सिंचन योजना